पायात गोळा आला की सगळे पाणीच का पाजतात?

कुठलीही रेस घ्या, ट्रेक घ्या, सोसायटीतली क्रिकेट मॅच घ्या, कोणाच्या पोटरीत गोळा आला की आजूबाजूचे सगळे एकदम सांगायला लागतात, पाणी पी, मीठ खा, केळं खा, इलेक्ट्रॉल घे, तुझं मॅग्नेशियम कमी असणार. सांगणारे प्रेमानेच सांगत असतात आणि त्यातलं काहीकाही काही वेळा बरोबरही असतं. पण मी बरीच वर्षं पळतेय, ग्रुपमध्ये नवीन आलेल्या लोकांना पळवतेय, रेसच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉलंटियर म्हणून उभी राहतेय, आणि जेवढं बघितलं नि वाचलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय की व्यायाम करताना येणारे बहुतेक पेटके पाण्याचे नसतात, दमलेल्या स्नायूचे असतात. ज्या स्नायूला जेवढ्या कामाची सवय नाही तेवढं काम आपण त्याच्याकडून करून घेतो, तो थकतो, आणि थकला की त्याच्यावरचा नसांचा कंट्रोल बिघडतो. हे एकदा पटलं की तयारी कशी करायची तेही बदलतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यांनी बघितलेलं उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान मॅच. टार्गेट २९२, ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, आणि तिथून मॅक्सवेलने १२८ बॉलमध्ये नाबाद २०१ मारले. ती इनिंग ज्यांनी लाईव्ह बघितली त्यांना आठवत असेल, पेटक्यांमुळे माणूस रन काढताना पिचवरच आडवा झाला होता, पुढचा बॅट्समन झॅम्पा पॅड बांधून बाउंड्रीपाशी येऊन उभा, फिजिओ आत, आणि त्यानंतर मॅक्सवेलने पाय हलवणं जवळजवळ सोडूनच दिलं, जागेवर उभं राहून नुसत्या हातांच्या जोरावर सिक्स मारत राहिला. मुंबईचा दमटपणा, आधी ५० ओव्हर फिल्डिंग, घाम तर धो धो गेला असणार, त्याबद्दल वादच नाही. पण समोरच्या टोकाला कमिन्स उभा होता ना, तोही त्याच उकाड्यात फिल्डिंग आणि बोलिंग करून आलेला, त्याने ६८ बॉल खेळून १२ रन काढले आणि तो ठीक होता. हवा तीच, मैदान तेच, काम मात्र वेगळं. एक जण पूर्ण ताकदीने बॅट फिरवतोय, स्प्रिंट मारतोय, वळतोय, परत स्प्रिंट, आणि दुसरा शांतपणे बॉल अडवतोय.

आणि अजून एक साधी गोष्ट बघा. घामातून मीठ जातं ते रक्तातून जातं, आणि रक्त तर अंगभर फिरतं. मग मीठ कमी झाल्यामुळेच पेटका येत असेल तर तो दंडात, मानेत, जबड्यात कुठेही यायला हवा. पण पळणाऱ्याला तो पोटरीत येतो, मांडीच्या मागे येतो, सायकलवाल्याला मांडीत, पोहणाऱ्याला पोटरीत नाहीतर तळपायात, ढोल-ताशा पथकातल्या पोरांना मनगटाच्या वर हातात. जो स्नायू राबलाय तोच आवळतो.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळलेल्यांना तर हे सांगायलाच नको. पावसाळ्याच्या अखेरीला असते, यवतेश्वर घाटात धुकं, भुरभुर पाऊस, हवा अशी की पळताना मस्त वाटतं. तिथे ऊन लागायचा प्रश्न फारसा नसतो, प्यायलाही भरपूर मिळतं, आणि तरीसुद्धा परतीच्या वाटेवर, उतारावर आणि घाट संपून गावात शिरल्यावर, लोक कडेला पाय धरून बसलेले दिसतात. का, तर जाताना अख्खा घाट चढून पोटऱ्या आधीच पिळून निघालेल्या असतात, मग येताना तोच घाट उतरायचा, उतारावर मांडीचे स्नायू लांब होत होत प्रत्येक पावलाला ब्रेक मारतात आणि हे काम सपाटीवर पळणाऱ्याला अजिबात सवयीचं नसतं, आणि वर उतार आहे म्हणून सगळे पेस वाढवतात. बहुतेकांची प्रॅक्टिस झालेली असते सपाट रोडवर.

आता आत नेमकं काय होतं ते. प्रत्येक स्नायूत ताण मोजणारी दोन यंत्रणा आहेत. एक स्नायूच्या आतच, मसल स्पिंडल, स्नायू ताणला गेला की ती मणक्यातल्या नसेला सांगते, आवळ. दुसरी स्नायू हाडाला जिथे जोडतो त्या टेंडनमध्ये, गोल्जी टेंडन ऑर्गन, तिथे ओढ वाढली की ती सांगते, बास, आता सोड. म्हणजे एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक. स्नायू खूप दमला की पहिलीचे सिग्नल वाढतात आणि दुसरीचे कमी होतात, मणक्यातली नस न थांबता आवळ आवळ सांगत राहते आणि आपण कितीही ठरवलं तरी तो स्नायू सुटत नाही. त्यात तो स्नायू आधीच आखूड झालेल्या पोझिशनमध्ये असेल तर अजूनच वाईट, कारण टेंडनवर ओढच नाही, मग सोड म्हणणार कोण. पोहताना पायाची बोटं लांब करून किक मारतो तेव्हा पोटरी आखडलेलीच असते, रात्री झोपेत पाय ताणून आळस दिला की पटकन गोळा येतो तेही असंच. आणि दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू यात जास्त सापडतात, म्हणजे पोटरी गुडघा आणि घोटा दोन्हीवरून जाते, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, कंबर आणि गुडघा.

ही थिअरी केप टाऊनच्या मार्टिन श्वेलनस या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडली आणि मग त्यांच्या टीमने रेसमधल्या खऱ्या लोकांवर तपासून बघितली. त्यातला २०११ साली छापून आलेला अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. २१० आयर्नमन ट्रायॲथलीट, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी लांबलचक रेस करणारे लोक घेतले, आधी आणि नंतर वजन, रक्तातलं सोडियम वगैरे बघितलं. पेटके आलेले आणि न आलेले यांच्यात पाणी किती कमी झालं किंवा सोडियम किती बदललं यात सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक होता दोन गोष्टींत, पेटके आलेले लोक जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना आधीही पेटके आलेले होते.

टेन्शनचाही यात हात असतो, याकडे आपण फार कमी बघतो. २०२३ ची फ्रेंच ओपन सेमीफायनल, अल्काराझ आणि जोकोविच, एक-एक सेट बरोबरीत, आणि तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच २० वर्षांच्या पोराच्या अंगात पेटके आले. त्याने नंतर स्वतःच सांगितलं की मॅचचं टेन्शन हेच कारण होतं. एवढा फिट खेळाडू, मागेपुढे फिजिओ नि न्यूट्रिशनिस्ट, पाणी-मिठाची कमतरता तिथे कोण होऊ देईल? रेसच्या दिवशी खांदे वर, जबडा आवळलेला, पायाची बोटं बुटात घट्ट रोवलेली, असं पळणारी माणसं मी दर वेळी बघते, सगळं अंग विनाकारण काम करत असतं.

मग मिठाचं एवढं प्रस्थ आलं कुठून? तर तेही हवेतून आलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीतले कामगार, आगबोटींवर भट्टीत कोळसा टाकणारे, पोलादाच्या कारखान्यातले, १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरण बांधणारे, हे लोक भयंकर उष्णतेत तासन्तास राबायचे आणि त्यांना अंगभर पेटके यायचे. नुसतं पाणी पिऊन भागायचं नाही, पाण्यात मीठ घालून द्यायला लागल्यावर फरक पडला. तो प्रकार खरा आहे आणि आजही होतो, आपल्याकडे मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्यांना होतो, आणि ज्यांच्या घामात मीठ मुळातच जास्त असतं त्यांनाही होऊ शकतो. पळून आल्यावर काळ्या टी-शर्टवर, टोपीच्या पट्टीवर पांढरे डाग दिसतात, घाम डोळ्यात गेला की चांगलंच झोंबतं, असं असेल तर तुम्ही त्यातले. अशांनी दीड-दोन तासांच्या वर पळायचं असेल तर मिठाचा विचार करायलाच हवा. हे पेटके ओळखायची खूण म्हणजे ते एकाच जागी थांबत नाहीत, खूप घाम गेल्यावर आधी इथे तिथे फडफड सुरू होते, मग एका स्नायूतून दुसऱ्यात जातात, पोटापर्यंत पोचतात.

पण पाणी पी पाणी पी या सल्ल्यात एक धोका आहे आणि तो मला कळकळीने सांगायचाय. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्याने माणूस दगावूही शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक धावपटू अशी गेली, आणि त्याच रेसमध्ये ज्या ४८८ जणांचं रक्त तपासलं त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. यात जास्त करून कोण सापडतं, तर हळू पळणारे, कारण ते चार-पाच तास रस्त्यावर असतात आणि पाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास पितात. तासाला साधारण ४०० ते ८०० मिली ही रेंज आहे, बारीक आणि हळू पळणाऱ्याने खालच्या बाजूला राहायचं, मोठ्या अंगाच्या, वेगाने पळणाऱ्या, उन्हात पळणाऱ्याने वरच्या. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर तासभर पळायच्या आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा, एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, मध्ये काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. आणि पळून वजन वाढलं असेल तर नक्कीच जास्त प्यायलात.

ओआरएसबद्दलही एक. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं असतं, एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि बाकीचे दोन क्षार. लोक अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओततात, ते फार खारट होतं आणि पळताना पोट बिघडवतं. आणि मेडिकलमध्ये नावात ओआरएस लिहिलेली जी गोड टेट्रापॅक मिळायची ती ओआरएस नव्हेतच, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, असं नाव वापरायला मनाई केली, बरं झालं.

केळ्याचं म्हणाल तर खा, जरूर खा, पण एनर्जीसाठी. घामातून पोटॅशियम सोडियमच्या मानाने फारच थोडं जातं, आणि केळं खाल्ल्यावर त्यातलं पोटॅशियम रक्तात दिसायला अर्धा-एक तास लागतो आणि तेव्हाही वाढ नावापुरतीच असते, म्हणजे पेटका आल्यावर केळं खाऊन तो सुटला असं वाटलं तरी तो तसाही सुटणारच होता. रेसच्या आधी आणि मध्ये पिष्टमय काहीतरी पोटात असणं मात्र फार कामाचं, कारण इंधन संपलं की स्नायू लवकर दमतो आणि दमला की पुढचं सगळं वर लिहिलंच आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्या तर आजकाल प्रत्येकाच्या किटमध्ये असतात. वयस्कर लोकांना रात्री येणाऱ्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचे बरेच अभ्यास झालेत आणि त्यात उपयोग होण्याची शक्यता कमीच दिसलीये. रक्तात कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी दिलं तर घ्यायचं, नाहीतर पैसे वाचवा.

पिकल ज्यूसची गोष्ट मात्र मजेशीर आहे. अमेरिकेत काकडीच्या व्हिनेगरमधल्या लोणच्याचं पाणी पेटक्यांवर पितात. २०१० मध्ये केव्हिन मिलर हे संशोधक आणि मंडळींनी लोकांच्या घोट्याजवळच्या नसेला विजेचे झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला आणि मग कोणाला साधं पाणी, कोणाला हे लोणच्याचं पाणी दिलं, तर लोणच्याच्या पाण्याने पेटका साधारण ४९ सेकंद आधी सुटला. एवढ्या वेळात ते पोटातून रक्तात पोचूच शकत नाही, रक्तात बदलही दिसला नाही. म्हणजे काम झालं ते तोंडात नि घशात, त्या तीव्र आंबट चवीने तिथल्या नसा चाळवल्या जातात आणि मणक्यातल्या त्या खवळलेल्या नसेला शांत करतात असा अंदाज आहे. पेटका हा नसांचा खेळ आहे याचा मला हा चांगला पुरावा वाटतो. रॉड मॅकिनन, २००३ चे केमिस्ट्रीचे नोबेलवाले, त्यांना कयाकिंग करताना पेटके यायचे म्हणून तेही आलं-मिरचीसारख्या तिखट चवींच्या याच वाटेने गेले होते. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं म्हणजे हे नव्हे हं, बाटलीत भरून रेसला नेऊ नका.

आता गोळा आलाच तर काय करायचं. साताऱ्यात समर्थ मंदिराच्या अलीकडे एक साठीच्या पुढचे काका कडेला बसले होते, पोटरीच्या आतल्या बाजूला कातडीखाली स्नायू सरकताना दिसत होता, हात लावला तर पार टणक, आणि काका दोन्ही मुठींनी त्यावर बुक्के मारत होते.

"अहो काका, मारू नका त्याला, पाय सरळ सोडा, मी धरते."

"पाणी दे गं पोरी आधी."

"देते, आधी हे सुटू दे."

गुडघा सरळ ठेवायचा, हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, गुडघा वाकला तर पोटरी नीट ताणली जात नाही. टाच आपल्या तळहातात घ्यायची, कोपरापुढचा हात त्यांच्या चवड्याला टेकवायचा आणि आपण हळूहळू पुढे झुकत बोटं त्यांच्या नडगीकडे न्यायची. झटका नाही द्यायचा. वीस-तीस सेकंद तसंच धरून ठेवायचं, मध्ये सोडून परत बघायचं नाही. टेंडनवर ओढ आली की तो सोड म्हणणारा सिग्नल परत सुरू होतो आणि हाताखाली स्नायू मऊ पडलेला कळतो. एकटे असाल तर भिंतीला किंवा झाडाला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, आणि पुढे झुका. हॅमस्ट्रिंग असेल तर टाच समोर टेकवून पाय सरळ आणि कंबरेतून वाका, मांडीच्या पुढचा असेल तर घोटा मागून धरून टाच कुल्ल्याकडे. सुटल्यावर लगेच पळायचं नाही, दोन-चार मिनिटं चाला, मग हळू जॉग, कारण तो स्नायू अजून खवळलेलाच असतो आणि जोर लावला की परत येतो. काकांना चालत पाठवलं, पाणी चालता चालता प्यायले. पोहताना आला तर आधी पाठीवर तरंगा, मग पायाची बोटं स्वतःकडे ओढा, घाबरून हातपाय मारू नका.

येऊच नये म्हणून मी ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच सांगते, रेसमध्ये जे करणार तेच प्रॅक्टिसमध्ये करा. साताऱ्याला जायचं असेल तर पुण्याजवळचा बोपदेव घाट नाहीतर सिंहगडचा रस्ता, आणि फक्त चढायचं नाही, उतारही पळत यायचं, पहिले काही आठवडे थोडाच, कारण उताराने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात, मग हळूहळू वाढवत न्यायचं. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळणार असाल तर पेडर रोडचा चढ परतीला येतो, पाय संपत आलेले असताना, तेव्हा लाँग रनच्या शेवटी चढ घ्यायची सवय लावा. थंड गावातून दमट गावात रेसला जात असाल तर तशा हवेत दहा-चौदा दिवस थोडं थोडं पळालात तर शरीर जुळवून घेतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. आणि सुरुवातीचा पेस, प्लीज, गर्दीबरोबर वाहवत जाऊ नका. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये प्रॅक्टिसपेक्षा जोरात गेलेल्यांना मी शेवटी कडेला उभं राहून स्ट्रेच करताना बघते.

ताकदीचे व्यायाम लोक टाळतात, पण घराच्या जिन्यावर फुकटात होतात. पायरीच्या कडेला चवडे ठेवून उभं राहायचं, कठड्याला हात, दोन्ही पायांनी वर, मग एका पायावर चार मोजत टाच पायरीच्या खालपर्यंत सावकाश सोडायची. पोटरी लांब होताना काम करायला शिकते, उतारावर हेच लागतं. हॅमस्ट्रिंगसाठी पाठीवर झोपून ब्रिज, म्हणजे गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, जमायला लागलं की एका पायावर. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पळायच्या आधी पाय धरून पाच मिनिटं स्ट्रेच केल्याने पेटके थांबतात असं दिसलेलं नाही, त्यापेक्षा हलकं जॉगिंग करून अंग गरम करा.

शेवटचं, आणि हे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी. १६०० मीटर, ८०० मीटर जीव तोडून पळताना पाय गेला तर दर वेळी तो पेटका नसतो. नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या बऱ्याच समाजांत सिकलसेलचा गुण असतो, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा हा दोष आई किंवा वडील एकाकडूनच आलेला असतो, त्या माणसाला एरवी काहीच त्रास नसतो पण एकदम पूर्ण जोराने पळाल्यावर पाय निकामी झाल्यासारखे होतात. फरक असा की पेटक्यात स्नायू हाताला टणक लागतो आणि माणूस कळवळतो, यात स्नायू मऊच असतो पण ताकद जाते, माणूस खाली बसतो. अशाला ऊठ ऊठ करून पळवू नका, थांबवा, झोपवा, दवाखान्यात न्या आणि सिकलसेल आहे हे डॉक्टरांना सांगा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, भरतीच्या सरावाआधी करून घ्या. तसंच व्यायामानंतर लघवी कोलाच्या रंगाची झाली, किंवा माणूस बरळायला लागला, उलट्या, जोरात डोकं दुखतंय, तर घरी थांबायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी राहिली, किंवा ठरावीक अंतर चाललं की दर वेळी पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, तर तेही पेटके समजून तेल चोळत बसू नका, रक्तवाहिनीचं काही असू शकतं, दाखवून घ्या. कोलेस्टेरॉलची नाहीतर लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी चालू असेल आणि पेटके वाढले असतील तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा.